भावाच्या नावाचा परवाना

राहीला दादूच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती ऐकल्याशिवाय मरायचं नाही, एवढं तिने देवाला सांगून ठेवलं होतं. गोष्ट काही मोठी नव्हती. ‘राही माझ्या भावाची लग्नाची बायको.’ बस, एवढंच. पण दादूने ते चार माणसांत म्हणायला हवं होतं, कारण त्याच्या उलट तो चार माणसांतच बोलला होता.

राही आगरदांड्याच्या कोंडाजीची बायको. पाटाची. पहिला नवरा ती जाणती व्हायच्या आधीच वारला, त्याचं तोंडदेखील तिला आठवत नव्हतं. पुढे कोंडाजीने तिच्याशी पाट लावला. कुणब्यांत पाट हे काही चोरून करायचं काम नव्हे. पंच बसले, जातीचा कारभारी अंबाजी मधोमध बसला, कोंडाजीने तिच्या गळ्यात काळी पोत बांधली, बोकड कापला, आणि अंबाजीने रस्सा मागून मागून घेतला. कोंडाजी मोठा हसरा माणूस. शेतातून आला की धक्क्यावर जाऊन बसायचा आणि लांब जाणाऱ्या पडावांची शिडं बघत राहायचा. म्हणायचा, “राही, एक दिस आपुन बी जाऊ. आफ्रिकेला म्हणं हत्ती मोकळं फिरत्यात.” ती म्हणायची, “आधी भात लावा, मग हत्ती बघा.”

एकोणीसशे सव्वीस साली, भादव्यात, त्याला ताप भरला आणि तो उतरलाच नाही.

कोंडाजीला धाकटा भाऊ एकच, दादू. दोघांत मिळून एक घर आणि खाडीच्या अंगाचं भाताचं खाचर. बायको म्हणून राही राहिली असती तर मरेपर्यंत त्या घरातून तिला कोणी हलवू शकलं नसतं. दादूने ते आधीच जोखलं असावं. तिरडी अजून अंगणात होती. बायका राहीच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या, तेव्हा दादू म्हणाला, “हिच्या कसल्या बांगड्या फोडताय? पहिल्या घरची सोडचिठ्ठी कुठं झालीय? माझ्या भावानं ठेवली होती, झालं. ठेवलेलीच्या बांगड्या फोडायची रीत न्हाय.”

बायकांनी अंबाजीकडे पाहिलं. पहिला नवरा मेल्यावर कसली सोडचिठ्ठी, हे तिथल्या पोराटोरालाही कळत होतं. पण अंबाजी खाकरला आणि म्हणाला, “दादू म्हणतो ते खरं हाय. तो पाट काही धड लागला न्हवता.” पुढच्या उन्हाळ्यात दादूच्या बांधावरचे आंबे अंबाजीच्या घरी उतरले, म्हणजे काय ते गावाला समजलं.

राहीने स्वतःच्या हाताने बांगड्या उतरवल्या. फोडल्या नाहीत, उतरवल्या. कुंकू पदराने पुसलं. दहाव्याला तिला पिंडाजवळ उभं राहू दिलं नाही, ती लांब सुरूच्या झाडाखाली उभी होती. नंतर दादूने तिचं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलं. ती रडली नाही. फक्त जाताना म्हणाली, “भावजी, आज जे बोललात ते तुम्हीच गिळाल.”

दादू हसला. “जा जा. शापानं खाचर वाळत न्हाय.”

ती गेली चौलला, भागोजीमामाकडे. हा कोंडाजीचा आणि दादूचा सख्खा मामा, त्यांच्या आईचा, जनीचा, भाऊ. चौलला त्याची लहानशी नारळी-पोफळीची वाडी होती. नजर अधू झालेली, बायको गेलेली, पोटी कोणी नाही. त्याने विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, “कोंडाजीच्या पाटाला मी बोकड घेऊन आलो होतो. तू माझी सून हायस. रहाटाकडच्या खोपीत राहा.” राही वाडी शिंपायची, सुपाऱ्या सोलायची, मामाला भाकरी करून घालायची. शेजारच्या वाडीतली नीराबाई एवढीच काय ती तिची सोबत. सोमवारी देवळात जायची. देवाकडे दुसरं काही मागायचं नाही, तेच एक मागायचं.

चौल ते आगरदांडा म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. पण मधे रेवदंड्याची खाडी, आणि त्या खाडीने दोन राज्यं तोडलेली. अलीकडे इंग्रज सरकारचा कुलाबा जिल्हा, पलीकडे जंजिऱ्याच्या नवाबाचं संस्थान, ज्याला लोक हबसाण म्हणत. अलीकडे जन्मला तो सरकारची प्रजा, पलीकडे जन्मला तो नवाबाची. रोजच्या जगण्यात त्याने काही अडत नसे. तरीत, म्हणजे नावेत, बसायचं, पलीकडे उतरायचं, दोन्हीकडे मासळी तीच आणि देवही तेच. त्या एका रेघेवर एखाद्याचं सगळं आयुष्य अडेल, असं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

दादूचं अडलं.

एकोणीसशे एकतीसची गोष्ट. शिमगा होऊन गेला होता. राही अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती आणि दादू आला. पाच वर्षांत तो पहिल्यांदा मामाच्या दारात उभा होता. डोक्याला टोपी, पायात वहाणा, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मधल्या काळात तो मुंबईला गोदीत राहून गलबतांच्या फळ्या बसवायचं, फटी बुजवायचं काम शिकला होता. बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती. दुसरी करायची ती आफ्रिकेहून येऊन, सोन्याचं कडं घालून, असं तो म्हणायचा.

“मामा, मोंबासाहून बोलावणं आलंय,” तो ओटीवर बसत म्हणाला. “तिथल्या एका ठेकेदाराला गलबताचं काम येणारी माणसं पायजेत. पण जायला परवाना लागतो. पासपोर्ट म्हणत्यात.”

“मग घे की,” मामा म्हणाला. “मला कशाला सांगतोस?”

दादूने खाली बघून सगळं सांगितलं. तो आगरदांड्यात जन्मला, म्हणजे नवाबाची प्रजा. त्या प्रजेला परवाना हवा तर आधी संस्थानचा दाखला लागतो. आणि संस्थानच्या रानातला साग तोडल्याचा खटला त्याच्यावर उभा होता. दाखला मागायला मुरूडला नवाबाच्या कचेरीत गेला असता तर त्याला तिथेच बसवून घेतलं असतं, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती, साग त्याने तोडलाच होता. पूर्वी मजूर म्हणून नाव घातलं की बोटीत भरून नेत, ते सरकारने आता कायद्याने बंद केलं होतं. पडावावर लपून गेलं तर तिकडच्या बंदरात कागद बघतात आणि आल्या पावली परत लावतात.

“म्हणजे सगळी दारं बंद,” मामा म्हणाला.

“एक उघडं हाय. सरकारी मुलखात जन्मलेल्याला हबसाणात विचारावं लागत न्हाय. अलिबागच्या कचेरीत अर्ज करायचा, चौकशी होते, मग मुंबईहून परवाना येतो. मग तो माणूस राहीना का कुठंही.”

“पण तू कुठं सरकारी मुलखात जन्मलास?”

“मी न्हाय. कोंडाजी जन्मला.”

सुपाऱ्या पसरणारा राहीचा हात थांबला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काही आजची नाही. जनी पहिलटकरीण म्हणून चौलला भावाकडे आली आणि कोंडाजी याच ओटीमागच्या खोलीत जन्मला. त्याचं नाव चौलच्या पाटलाकडे लागलेलं. दुसऱ्या खेपेला कोण कोणाला माहेरी पाठवतं? दादू सासरी झाला, आगरदांड्यात. आईने रीत पाळली म्हणून थोरला सरकारचा झाला आणि धाकटा नवाबाचा.

“कोंडाजी मेला हबसाणात, जन्मला सरकारात,” दादू हळू आवाजात म्हणाला. “दोन दप्तरं एकमेकांशी बोलत न्हाईत. अलिबागच्या कागदात तो अजून जिता हाय. मी त्याच्या नावानं अर्ज टाकलाय. फोटो माझा, नाव त्याचं. चौकशीला कारकून इथं येईल. तू एवढंच म्हण, की हा कोंडाजी, माझ्या बहिणीचा पहिला, माझ्या घरात झाला.”

मामा म्हणाला, “एक भाचा गेला. दुसरा तरी चार घास सुखानं खाईल, तर मी आंधळा व्हायला तयार हाय. तसा मी हायेच. पण कोंडाजी माझा न्हाय, तिचा हाय. तिला विचार.”

दादू अंगणात आला. त्याने टोपी काढली.

“वहिनी.”

राहीने मान वर केली नाही. “वहिनी कोण? इथं ठेवलेली बाई राहते.”

“झालं गेलं ते सोड. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर न्हवतं.”

“पाच वर्सं न्हवतं? मोठा आजार म्हणायचा.”

नीराबाई कुंपणापलीकडे माडाच्या झावळ्या विणत होती. ती हसली तशी दादूने तिकडे पाठ केली. “हे बघ, तुला काही करायचं न्हाय. कारकून आला की आत बसायचं, गप. तुझ्यासाठी आणलंय.” त्याने हातातला कागद सोडला. आत लुगडं होतं. हिरवंगार, जरीच्या काठाचं. गडबडीत त्याने दुकानदाराने दिलं ते उचललं होतं. विधवेला हिरवं देत नाहीत, एवढंही त्याच्या ध्यानात नव्हतं.

राहीने लुगड्याकडे पाहिलं. काठावरून बोट फिरवलं. आणि तिच्या मनात सगळं एकदम लख्ख उभं राहिलं. हा कोंडाजी झाला, तर मी कोण झाले?

“कारभारी काय म्हणतात?” तिने विचारलं.

“अंबाजीलाच आणणार हाय. दुसरा साक्षीदार लागतो, जिथं राहतो तिथल्या ओळखीचा. तो सांगेल की मी कोंडाजी आणि सरळ माणूस हाय.”

“ते बरोबर सांगतील. त्यांना सवय हाय.” तिने लुगड्याची घडी घातली आणि मांडीवर घेतली. “बरं भावजी. मी आडवी येत न्हाय. पण एक सांगून ठेवते. मला खोटं बोलता येत न्हाय. विचारलं तर खरं तेवढंच बोलेन.”

“तुला कोण विचारतंय?” दादू म्हणाला, आणि मोकळा होऊन हसला.

त्या सोमवारी राहीने गावदेवीला कौल लावला. देवीच्या पाषाणावर पाण्याने दोन कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि हात जोडले. विचारलं, ‘मेलेल्या नवऱ्याचं कुंकू एक दिवसासाठी लावू का? त्याचं नाव चोरणाऱ्याला त्याच नावात बांधायचंय.’ उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ती बसून राहिली. गुरव दिवा लावून गेला. मग डावी कळी सुटली आणि खाली पडली.

राही उठली. देवीला नमस्कार केला. म्हणाली, “आई, मी विचारलं ते रीत म्हणून. तू नाही म्हणालीस ते मी ऐकलं. पण मी लावणार. पाप लागेल ते माझ्या पदरात घाल, मामाच्या घालू नको.”

देवाची भीती तिला नव्हती असं नाही. पण पाच वर्षं जपलेला निखारा एका कळीने विझत नाही.

कारकून आला तो सकाळच्या पहारी, अलिबागहून टांग्याने, एक शिपाई घेऊन. तरुण, चष्मेवाला, घामाने वैतागलेला. ओटीवर घोंगडी अंथरली होती. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला अंबाजी, म्हातारा पण फेटा कडक बांधलेला, आणि मधे दादू, हात जोडून.

“नाव?”

“कोंडाजी, साहेब.”

“जन्म?”

“हितलाच. ह्या घरात.”

मामाने सांगितलं, की बहीण जनी पहिलटकरीण म्हणून आली होती, हा तिचा पहिला मुलगा, या खोलीत झाला. हे सांगताना तो दादूकडे बघत नव्हता, खोलीच्या दाराकडे बघत होता. कारकुनाने पाटलाकडच्या नोंदीशी साल ताडून पाहिलं. जुळलं. अंबाजीने सांगितलं, हा आगरदांड्यात लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे आहे, मेहनती आहे, निर्व्यसनी आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

“लग्न झालंय?”

“न्हाय साहेब,” दादू म्हणाला. दादूच्या मेलेल्या बायकोचं नाव कोंडाजीला लावता येत नव्हतं, म्हणून त्याने अर्जातही तसंच लिहून दिलं होतं.

“सडाच हाय,” अंबाजीने दुजोरा दिला.

तेवढ्यात आतून राही पाण्याचा तांब्या घेऊन आली. अंगावर ते हिरवं लुगडं, हातभर हिरवा चुडा, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने तांब्या कारकुनापुढे ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि खांबाला टेकून उभी राहिली.

अंबाजीच्या तोंडचं पान तोंडातच राहिलं. दादू पांढराफटक पडला.

“ह्या कोण?” कारकुनाने विचारलं.

मामाला चुडा किणकिणलेला ऐकू आला होता. त्याने फक्त मान खाली घातली, आणि दाढीत हसला की काय देव जाणे.

“मी कोंडाजीची बायको,” राही म्हणाली.

कारकुनाने टाक खाली ठेवला. “अहो, तुम्ही तर आत्ता नाही म्हणालात.”

“साहेब, ती... ती म्हणजे...” दादूला तो जुनाच शब्द सुचला, पाच वर्षांपूर्वी कामी आलेला. “लग्नाची न्हवं साहेब. ती नुसती ठेव...”

“ठेवलेली?” कारकुनाचा आवाज थंड झाला. “म्हणजे घरात बाई ठेवायची आणि अर्जात लिहायचं सडा. मग मला चालचलणुकीपुढे वेगळं लिहावं लागेल. असल्या शेऱ्यावर परवाना मिळत नाही, एवढं सांगून ठेवतो. आणि अहो कारभारी, निर्व्यसनी म्हणालात ना? सरकारी चौकशीत खोटी साक्ष दिली तर काय होतं, माहीत आहे?”

अंबाजीला माहीत होतं. त्याने दादूच्या गुडघ्यावर हात दाबला आणि घाईघाईने म्हणाला, “लग्नाची हाय साहेब. लग्नाची. पाटाची बायको. पोरगं घाबरलंय.”

“मग मघाशी?”

“इसरलो साहेब. वय झालं.”

“इसरले असतील,” राही म्हणाली. “पाट लागला तेव्हा कारभारी मधोमधच बसले होते. रश्श्यात गुंतले होते.”

कुंपणापलीकडून नीराबाईचा आवाज आला, तिने राहीकडून सगळं ऐकलेलं होतं. “चार वाट्या.”

शिपाई तोंडावर हात ठेवून हसला. कारकून हसला नाही. त्याने दादूकडे पाहिलं. “मला तुमच्या तोंडून हवं. ही तुमची बायको?”

दादूने राहीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत ना राग होता, ना विनवणी. सावज जाळ्याशी आलेलं कोळी जसा न हलता बघतो, तशी ती बघत होती.

“व्हय साहेब.”

“व्हय काय? नीट बोला.”

“राही कोंडाजीची... माझी बायको.”

“पाट धड लागला होता का, विचारा साहेब,” राही म्हणाली. “मागून कोणी म्हणायला नको.”

“धड लागला होता,” दादू म्हणाला.

“पंचांसमोर?”

“पंचांसमोर.”

“मग मी ठेवलेली न्हवे.”

“न्हवेस.” त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “लग्नाची बायको हायस.”

राहीने डोळे मिटले. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आतलं काहीतरी सुटेल, रडू येईल. तसं काही झालं नाही. उलट तिला आणखी हवंसं वाटलं. पहिल्या घासाने भुकेल्याची भूक वाढते, तसं.

“बाईंना बरोबर नेणार की मागे ठेवणार?” कारकून विचारत होता.

“मागं.”

“मग त्यांच्या पोटापाण्याचं काय? बायको वाऱ्यावर सोडून निघालेल्याची शिफारस मी करणार नाही.”

“मामाकडं राहील.”

“मी आज हाय, उद्या न्हाय,” मामा तत्काळ म्हणाला. पाच वर्षांत तो एवढ्या जलद कधी बोलला नव्हता.

“आगरदांड्याला यांचं घर हाय साहेब,” राही म्हणाली. “खाचर हाय. बांधावर आंबे हायेत. कारभाऱ्यांना ठावं हाय.”

अंबाजीने फेटा सारखा केला. कारकून लिहीत गेला: मी परदेशी असेपर्यंत घर, खाचर आणि झाडं बायको राही हिच्या ताब्यात राहतील, तिला कोणी काढू नये. दादूने अंगठा उठवला, अंबाजीने साक्षीला उठवला. मग कारकून पाणी प्याला, टांग्यात बसला आणि निघून गेला.

अंगणात चौघंच उरली.

दादू म्हणाला, “साधलंस.”

“मी खोटं काय बोलले, सांगा. मी कोंडाजीची बायको, हे खरं. पाट धड लागला, हे खरं. तुम्ही माझे नवरे असं मी कुठं म्हणाले? ते तुम्ही म्हणालात.”

“उद्या अलिबागला जाऊन सांगेन की मी कोंडाजी न्हाय.”

“जावा की. खोटं नाव घेतलं म्हणून ते धरतील. तिथून सुटलात तर खाडीपलीकडं सागाचा खटला हायेच.” मग ती अंबाजीकडे वळली. “आणि कारभारी, तुम्ही पण अंगठा दिलाय. म्हातारपणी तुरुंगाच्या भाकऱ्या चावत्यात का बघा.”

अंबाजी वहाणा शोधत राहिला.

जीभ तिची खोटं बोलली नव्हती. कपाळ बोललं होतं. ते तिला ठाऊक होतं, आणि त्याचा हिशेब तिने कोणावर ढकलला नाही.

परवाना आला. दादू मोंबासाला गेला. गेला तो कोंडाजी होऊन, आपला फोटो आणि भावाचं नाव घेऊन. जाण्याआधी तो मामाच्या पाया पडायला आला तेव्हा राही दारातच उभी होती. म्हणाली, “जपून जावा. त्यांना आफ्रिका बघायची लई हौस होती. हत्ती दिसला तर त्यांच्या नावानं हात जोडा.”

बोट सुटल्याचं कळलं तशी तिने मामाचा निरोप घेतला आणि अंबाजीला बोलावणं धाडलं, की मला न्यायला या. तो आला. न येऊन सांगतो कोणाला. रेवदंड्याला ती तरीत बसली तेव्हा तिच्या अंगावर तेच हिरवं लुगडं होतं, तोच चुडा, तेच कुंकू. नाव खाडीच्या मध्यावर आली. तिथे राहीने दोन्ही हात तरीच्या काठावर आपटले. एकदा, पुन्हा एकदा. बांगड्यांच्या काचा पाण्यात पडल्या, मनगटातून रक्त आलं. मग तिने खाडीचं खारं पाणी ओंजळीत घेतलं आणि कपाळ धुतलं.

तरीतली माणसं घाबरून बघत होती. तिने अंबाजीला विचारलं, “कारभारी, काय करते मी?”

“बांगड्या फोडतेस.”

“कोणाच्या नावानं?”

“कोंडाजीच्या.”

“ठेवलेलीच्या फोडतात का?”

अंबाजीने मान हलवली. “न्हाय. लग्नाच्या बायकोच्याच फोडत्यात.”

“मग हेच गावात सांगायचं. दारोदार.”

अलीकडच्या तीरावर सवाष्ण म्हणून चढली, पलीकडे विधवा म्हणून उतरली. आगरदांड्यात अंबाजीने खरोखर दारोदार सांगितलं. दादू कुठल्या नावाने गेला ते गावाला कळलंच होतं, पण सरकारच्या भानगडीत कोण पडतो? ज्या बायकांनी तिरडीपुढे हात मागे घेतले होते, त्याच आता हळदीकुंकवाची ताटं बाजूला सारून तिच्या ओटीवर येऊन बसल्या. राहीने त्यांना पाणी दिलं. पान दिलं नाही. बांधावरच्या आंब्यांची एकही फोड अंबाजीच्या घरी पुन्हा गेली नाही. तो वारला तेव्हा ती दारात गेली, रीतीपुरती उभी राहिली आणि परत आली.

खाचर ती स्वतः करायची, चार माणसं लावून. तिसऱ्या वर्षी मामा गेला, त्याचं सगळं तिने चौलला राहून केलं. पुन्हा कौल मात्र तिने कधी लावला नाही. गुरवाच्या बायकोने एकदा कारण विचारलं. राही म्हणाली, “एकदा विचारलं आणि ऐकलं न्हाय. आता कोणत्या तोंडानं विचारू?” पण सोमवार तिने सोडला नाही. जायची, पायरीवर बसायची, यायची.

सदतीस साली दादू आला. दिघीकडून होडीने, अंगात कोट, मनगटावर घड्याळ, सोन्याचं कडं मात्र नव्हतं. ऊन तापलेलं. राही अंगणात भात पाखडत होती. तो कुंपणाशी उभा राहिला.

“वहिनी.”

तिने सूप खाली ठेवलं. “कोण?”

“ओळखलं न्हाय? मी.”

“मी कोण? नाव सांगावं. म्हातारी झाले, डोळं मामांसारखं झालं.”

दादूने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्याने दोघंतिघं जात होती, ती थांबली.

“दादू असाल तर सांगा,” राही शांतपणे म्हणाली. “सागाच्या खटल्यात त्याला अजून शोधत्यात. मुरूड काही लांब न्हाय. कोंडाजी असाल तर या आत, घर तुमचंच हाय. पण कोंडाजीला जाळला तेव्हा सगळा गाव होता. आणि त्याच्या बांगड्या मी भर खाडीत फोडल्यात.”

“माझं घर हाय हे,” दादू म्हणाला.

“कोणाचं? नाव घ्या.”

त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, त्या दिवशी चौलच्या ओटीवर ओघळला होता तसाच. रस्त्यावरच्यांपैकी कोणी त्याला हाक मारली नाही. कुठल्या नावाने मारायची?

“पाणी तरी दे,” शेवटी तो म्हणाला.

तिने तांब्या आणला. कुंपणाबाहेरच्या दगडावर ठेवला आणि मागे सरली. वाटसरूला देतात तसा. तो प्याला, तांब्या पालथा घातला, आणि धक्क्याकडे चालू लागला. मुंबईच्या गोदीत पुन्हा कामाला लागला, असं पुढे कोणीतरी सांगितलं. तिथे त्याला कोंडाजी म्हणत.

पितृपक्षात राही कोंडाजीच्या नावाने पान वाढायची. कावळे यायचे, कावळे काय, रोजच येतात. एका वर्षी शेजारीण म्हणाली, “राही, दादूची कितीक वर्सं काही खबर न्हाय. त्याच्या नावानं बी एक घास ठेव की. धाकटा दीर तुझा.”

राही पानावर खीर वाढत होती. तिने हात थांबवला नाही.

“तो कुठं मेलाय?” ती म्हणाली. “आणि मेला तरी कोंडाजी म्हणूनच मरेल, दादू म्हणून न्हाय. कागदावर तो माझा दीरच न्हाय.”